साडभाऊ आणि ग्राफिक्स ड्रायव्हरचा दोष

भंडारा जिल्ह्यावर आजवर जी संकटं आली त्या सगळ्यांची पूर्वसूचना माझ्या साडभाऊंनी दिलेली होती, आणि जी आली नाहीत त्यांची तर त्याहून जास्त तपशिलात दिलेली होती. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उरलेला महाराष्ट्र या नात्याला नुसतं साडू म्हणतो आणि थट्टेवारी नेतो. आमच्याकडे त्याला ‘भाऊ’ जोडलेला असल्यामुळे थट्टा आवरती घ्यावी लागते आणि ऐकून घेणं वाढतं. मीही त्यांचा साडभाऊच. आम्ही दोघं एकमेकांना एकाच नावाने हाक मारतो, त्यामुळे कोण कोणाला बोलावतंय हे घरच्यांना आवाजातल्या काळजीवरून ओळखावं लागतं. काळजीचा आवाज त्यांचा. मी भंडाऱ्याला एका वर्तमानपत्रात काम करतो. बातमी घडल्यावर लिहायची, असा आमच्या धंद्याचा साधा नियम आहे. साडभाऊंना तो मुळातच चुकीचा वाटतो. “घडल्यावर त कोणीही लिहीन जी,” ते म्हणतात. “तुम्ही लोक मेलेल्या माणसाची नाडी पाहता.”

उंच, हडकुळे, मान किंचित पुढे काढून चालणारे साडभाऊ कोणत्याही घरात शिरतात तेव्हा त्यांचं नाक आधी आत जातं. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर असतो. पाहुणे म्हणून आले आणि आपण पाण्याचा तांब्या पुढे केला, तर “पाणी मंग, आधी गॅस पाहू द्या” म्हणत ते थेट स्वयंपाकघर गाठतात, शेगडीची बटणं फिरवून पाहतात, सिलिंडरची नळी ओढून पाहतात आणि समाधान झाल्यावर बाहेर येऊन पाणी पितात. आमच्या घरी त्यांना आजवर एकदाही गळती सापडलेली नाही. ते गेल्यावर मात्र आम्हाला सापडलेली आहे.

मागे पवनीला नात्यातलं एक लग्न होतं. मांडवाच्या खांबाला गुंडाळलेल्या वायरची साल एका ठिकाणी निघालेली आहे, हे साडभाऊंनी वरात दारात येण्याआधीच हेरलं. मांडववाल्याला सांगितलं. तो म्हणाला, “चालते काका, कालपासून चालूनच राहिलं.” चालतंय म्हणूनच धोका आहे, हा साडभाऊंचा सिद्धान्त मांडववाल्याच्या डोक्यात शिरेना. शेवटी मंगलाष्टकांच्या ऐन मध्यावर साडभाऊंनी मेन स्विच खाली ओढला. दिवे गेले, पंखे गेले, भटजींचा माइक गेला. भटजींचे ओठ हलताहेत पण ऐकू काहीच येत नाही, असं पाहून मागच्या रांगांनी लग्न लागलं असं धरलं, हातातल्या सगळ्या अक्षता टाकून दिल्या आणि त्या जेवायला बसल्या. पुढच्या रांगांत लग्न लागेपर्यंत मागे वरणभात संपून जिलेबी फिरत होती. वधूपित्याने साडभाऊंकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी स्वतः पाहिली आहे. साडभाऊंनी ती कृतज्ञता समजून स्वीकारली.

त्यांची नोकरी सानगडीच्या बाजूच्या एका गावात, कनिष्ठ महाविद्यालयात झाली. सुरुवातीला ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. तिथे त्यांच्या कारकिर्दीत एकही परीक्षानळी फुटली नाही, असं त्यांचं कौतुक संस्थेच्या अहवालात छापून आलं. एकही परीक्षानळी विद्यार्थ्यांच्या हाती लागली नाही, हे अहवालात नव्हतं. पुढे कॉलेजात संगणक आले. एवढी महागडी यंत्रं कोणाच्या स्वाधीन करावी हा प्रश्न निघाला आणि न फुटलेल्या नळ्यांच्या पुण्याईवर साडभाऊ संगणक कक्षाचे प्रमुख झाले. संगणकाचं शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. गरजही पडली नाही, कारण धोरण तेच राहिलं. चपला बाहेर, हात धुऊन आत, आणि प्रत्येक यंत्रावर ताईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, जुन्या लुगड्याची शिवलेली खोळ. खोळ उतरवण्याचा अधिकार एकट्या साडभाऊंचा. तास सुरू झाला की ते एकेक खोळ उतरवत, तिची चार पदरी घडी घालत आणि पुढच्या यंत्राकडे वळत. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेतो घंटा होई आणि मग उलट्या क्रमाने खोळी चढवाव्या लागत. मुलांच्या लेखी यंत्रांना नंबर नव्हते. “मले जांभळं लुगडं द्या सर, हिरवं लुगडं लय हँग होते,” अशी मागणी होई. एकदा स्नेहसंमेलनाला ताई स्वतः आल्या, तेव्हा मुलं त्यांच्या अंगावरच्या साडीकडे फार बारकाईने पाहत होती. पुढच्या वर्षी येणाऱ्या संगणकाचा अंदाज घेत असावीत.

पासवर्ड हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला ते आधी गाव विचारतात, मग यंदा धान कसं आहे ते विचारतात आणि तिसऱ्या वाक्याला बजावतात, “तुमचा पासवर्ड मले सांगू नका.” त्या माणसाने तोवर तसा विचारही केलेला नसतो, पुढच्या थांब्यापर्यंत तो संशयाने खिसा चाचपत राहतो. घरच्या वायफायचा पासवर्ड साडभाऊ दर सोमवारी बदलतात. बदललेला कोणाला सांगत नाहीत, कुठे लिहीत नाहीत आणि मंगळवारी विसरतात. त्यामुळे आठवड्यातला बराचसा काळ ताई आणि घरी आलेली पाहुणेमंडळी शेजाऱ्यांच्या ओसरीवर, शेजाऱ्यांच्या वायफायवर असतात. शेजाऱ्यांचा पासवर्ड साऱ्या आळीला माहीत आहे ही किती गंभीर बाब आहे, हे साडभाऊ त्यांना त्याच ओसरीवर बसून, त्यांचाच चहा पीत समजावून सांगतात.

एवढ्या सावध माणसात एक फट होती आणि ती फक्त त्यांनाच दिसत नव्हती. एकदा आपली झालेली जागा त्यांना सोडता येत नसे. लग्नाआधी ते भंडाऱ्याला खोली करून राहत होते. लग्न झालं, खोली सोडली, घरमालकाने ती दुसऱ्याला दिली, दुसऱ्यानंतर तिसऱ्याला. पण कामानिमित्त भंडाऱ्याला आले की साडभाऊ सरळ त्या खोलीत जात. दार लोटायचं, शर्ट काढून खिळ्याला अडकवायचा, मोरीत हातपाय धुवायचे आणि पंख्याखाली घटकाभर आडवं व्हायचं. एकदा तिथे नुकतंच लग्न झालेलं जोडपं राहायला आलं होतं. नवऱ्याने दचकून विचारलं, “आपण कोण?” साडभाऊ म्हणाले, “हा खिळा मी ठोकला आहे.” त्याच्या बायकोने चहा टाकला. पुढे त्यांची बदली झाली तेव्हा नव्या बिऱ्हाडाला त्यांनी पाण्याची वेळ, विजेचं मीटर आणि साडभाऊ या तिन्हींची माहिती दिली. घरमालकाने त्यांना कधीच कसं हटकलं नाही, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “भल्या माणसाले येऊ नको कसं म्हणाव जी? एखाद दिवशी स्वतःच समजन.”

ही आमच्या भागाची रीत आहे. वयाने किंवा मानाने मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नाही. त्याऐवजी अशी परिस्थिती तयार करायची, की त्याला आपोआप उमजावं. उमजलं नाही तर चहा पाजायचा आणि वाट पाहायची. या पद्धतीने आमच्याकडे भांडणं फार कमी होतात आणि गोष्टी फार लांबतात.

साडभाऊ यथावकाश निवृत्त झाले. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, गळ्यात हार घालून फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी अकराला ते कॉलेजात हजर होते. खिडकीजवळची त्यांची खुर्ची, समोर निळ्या लुगड्याचा संगणक, सगळं जिथल्या तिथे. त्यांच्या जागी कारध्याची एक तरुण मुलगी नेमली होती. संगणकाची रीतसर पदवी घेतलेली, शांत, कामाला वाघ. तिला सगळं कॉलेज मॅडम म्हणे. ती साडभाऊंना काका म्हणायची. काकांनी तिला पहिल्याच दिवशी चपला बाहेर काढायला लावल्या. ती शिकवी, काका खिडकीत बसून लक्ष ठेवत. सवय आहे, सुटेल, असं पहिल्या महिन्यात सगळे म्हणाले. वर्ष उलटलं तेव्हा म्हणणंही सुटलं. मधल्या सुट्टीत चहा येई त्यात त्यांचा एक कप धरलेलाच असे.

ताईंना हे सगळं दिसत होतं. “भाऊजी, घरी बसले त घंट्याघंट्याले गॅस तपासतात,” त्या मला म्हणाल्या. “कॉलेजात जातात म्हणून मी स्वयंपाक करू शकते.” मग म्हणाल्या, “पोरगा पुण्याले. शेती ठेक्यानं देऊन टाकली. तिथं निदान काका म्हणून कोणी विचारते त्यांले. ती खुर्ची गेली त काय करतीन, मले समजत नाही.”

आणि ती खुर्ची जायची वेळ आली. कॉलेजला ऑनलाइन परीक्षांचं केंद्र मिळण्याचं घाटत होतं. मिळालं असतं तर आसपासच्या गावांतल्या मुलांची परीक्षेसाठी भंडारा-नागपूरची पायपीट वाचली असती. अट एकच कडक होती: संगणक कक्षात नेमलेल्या माणसांखेरीज कोणीही दिसता कामा नये. तपासणीला साहेब येणार होते. म्हणजे साडभाऊंना कोणीतरी सांगायला हवं होतं. प्राचार्यांनी मॅडमला सांगायला सांगितलं. मॅडम म्हणाली, सर, माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत, तुम्हीच सांगा. प्राचार्य मराठीचे, स्वभावाने मवाळ. कठोर वाक्य त्यांना व्याकरणापुरतंही बनवता येत नसे. मग रीतीप्रमाणे परिस्थिती तयार करण्यात आली. आधी साडभाऊंच्या खुर्चीवरची गादी काढली. साडभाऊ म्हणाले, बरं केलं, पाठ ताठ राहते. खुर्ची खिडकीतून उचलून कोपऱ्यात ठेवली. साडभाऊ म्हणाले, इथून सगळे पडदे एकदम दिसतात, हे आधी काहून नाही सुचलं? दाराचं कुलूप बदललं. साडभाऊंनी प्राचार्यांच्या खोलीत जाऊन या सावधगिरीबद्दल त्यांचं अभिनंदन केलं आणि नव्या कुलपाची एक किल्ली मागून घेतली. प्राचार्यांनी दिली. शेवटी दारावर पाटी लागली, ‘बाहेरील व्यक्तींस सक्त मनाई’. पाटी थोडी तिरकी होती. साडभाऊंनी ती उतरवून सरळ लावली आणि त्या दिवसापासून दाराशी उभं राहून तिची अंमलबजावणी सुरू केली. संस्थेच्या अध्यक्षांचे व्याही एकदा कॉलेज पाहायला आले होते; त्यांनी संगणक कक्ष बाहेरून पाहिला.

याच सुमारास आमच्या पेपरात आतल्या पानावर एक छोटी बातमी गेली. एका संगणक प्रणालीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवण्याचं काम सांभाळणाऱ्या भागामध्ये, मेमरी हाताळण्याचा एक दोष सापडला आहे. त्याचा फायदा घेऊन यंत्रात शिरलेला भामटा यंत्राचा पूर्ण ताबा मिळवू शकतो. वापरकर्त्यांनी अपडेट करून घ्यावं. चार ओळींचा मजकूर होता. मीच पाहिला होता. अशा बातम्या येतच असतात, जागा भरायला बऱ्या पडतात आणि कोणी वाचत नाही.

साडभाऊंनी ती वाचली.

तपासणीच्या दिवशी सकाळी ताईंचा फोन आला. कॉलेजातून निरोप फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोहोचला होता आणि त्यांनी तो माझ्याकडे ढकलला. “दुपारी साहेब येतात म्हणे. तुम्हीच सांगा भाऊजी त्यांले. तुमचं ऐकतात ते.” त्यांनी माझं कधी ऐकल्याचं मला आठवत नव्हतं. तरी मी गाडीला किक मारली. कॉलेजात पोहोचलो तेव्हा साडभाऊ कक्षाच्या दारात उभे होते. त्यांनी मला पाहिलं आणि पाटीवर बोट ठेवलं.

“बाहेरच्या माणसाले मनाई आहे साडभाऊ.”

“मी तुम्हालाच भेटायला आलोय.”

“नियम म्हणजे नियम. मी बाहेर येतो, उभ्या उभ्या बोलू.”

तेवढ्यात आतून प्राचार्यांचा आवाज आला, “मॅडम, पडदे कुठं गेले?” त्या आवाजासरशी साडभाऊ आत वळले आणि त्यांच्या मागोमाग मीही नियम मोडला.

कक्षातली सगळी यंत्रं सुरू होती. खालच्या पेट्या घरघरत होत्या, दिवे लुकलुकत होते. टेबलांवर मात्र एकही पडदा नव्हता. सगळे मॉनिटर भिंतीशी सतरंजीवर ओळीने निजवलेले होते, आपापली लुगडी पांघरून, वायरी उशाशी गुंडाळून. जांभळं, हिरवं, निळं. एखाद्या लग्नघरी वऱ्हाडणींनी दुपारी पाठ टेकावी तसे.

“काका, मॉनिटर कोणी काढले?” मॅडमने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

“मी काढले. सकाळीच येऊन.” साडभाऊंनी खिशातून कात्रण काढलं. “पेपरात आलं आहे. यायच्याच पेपरात.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. “ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये दोष आहे. ग्राफिक्स म्हणजे चित्र. चित्र कुठं दिसते? पडद्यावर. पडदाच काढून घेतला त चोर शिरन कुठून?”

“अहो काका, पण दुपारी साहेब येतात!” प्राचार्य म्हणाले. “त्यांले दाखवू काय? पोरं परीक्षा कायवर देतीन?”

“सर, यंत्र सलामत त परीक्षा पचास.”

प्राचार्यांचा चेहरा लाल झाला. “काका, तुम्ही आता...” ते म्हणाले आणि थांबले. त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमने माझ्याकडे पाहिलं. मी कात्रणाकडे पाहिलं. त्यात काही नवीन नव्हतं. वाक्य तिघांनाही पाठ होतं आणि तिघांपैकी एकाच्याही तोंडातून ते निघेना.

मॅडमने खुर्ची ओढली. “काका, बसा. चोर पडद्यातून येत नाही. मी सांगते कसा येते तो.” शिकवायची सवय असलेल्या माणसाचा आवाज लागला की त्याची भीड आपोआप कमी होते. तिचं तसं झालं. “यंत्राच्या आत मेमरी असते. मेमरी म्हणजे जागा समजा. चित्र काढायचं काम निघालं का ड्रायव्हर कोणाले तरी थोडी जागा देते. काम सरलं का जागा परत घेते, दुसऱ्याले द्यासाठी. इथवर ठीक आहे?”

“ठीक आहे.”

“पण जागा परत घेतली, आणि ज्याच्याजवळ त्या जागेचा पत्ता होता, त्याच्याजवळून तो पत्ता काढून घ्यायचा राहून गेला. त्याले वाटते जागा अजून आपलीच आहे. तो येतच राहते.”

“मंग?”

“तोवर ती जागा दुसऱ्याची झाली असते. हा जुना येते आणि आपल्याच पद्धतीनं काम करून राहते. यंत्राचा त्याच्यावर भरवसा असते, त्याले कोणी अडवत नाही. मंग ज्याले लबाडी करायची आहे तो काय करते, त्या जागेत आपला माल ठेवून देते, आणि या जुन्याच्या हातून...”

इथे तिचा आवाज एकदम खाली आला. आपण बोलत बोलत कुठे येऊन पोहोचलो हे तिला त्या क्षणी कळलं असावं. प्राचार्य फरशीवरची नक्षी पाहू लागले. पेट्या घरघरत होत्या.

साडभाऊंनी घाई केली नाही. खोळीत गुंडाळलेल्या मॉनिटरांकडे पाहत त्यांनी विचारलं, “त्या जुन्याले कोणी सांगतलं होतं काय, का जागा गेली म्हणून?”

“नाही काका.”

“काहून नाही सांगतलं?”

“राहून गेलं.”

“मंग त्याचा काय कसूर आहे?”

“त्याचा काहीच कसूर नाही,” मॅडम म्हणाली. “सांगायचं काम ड्रायव्हरचं होतं.”

“मले त उलटं सांगतलं होतं,” साडभाऊ प्राचार्यांकडे वळून म्हणाले. “निरोपाच्या दिवशी. अध्यक्षसाहेब बोलले, संस्थेचं दार तुमच्यासाठी सदैव उघडं आहे. माइकवर बोलले.”

“ते... ते सगळ्यांलेच म्हणतात काका.”

“सगळ्यांले म्हणतात?” साडभाऊंना हे खरोखरच नवीन होतं. “मंग बाकीचे येत काहून नाहीत?”

प्राचार्यांनी वाकून सतरंजीचं दुमडलेलं टोक सरळ केलं.

साडभाऊंनी मॅडमला विचारलं, “याची दुरुस्ती काय आहे?”

“अपडेट आलं आहे. त्यानं जागा परत घेताना पत्ताही पुसल्या जाते.”

“यंत्राले काही इजा?”

“नाही काका. चांगलंच होते.”

“मंग करा ना. वाट कायची पाहून राहिले?”

मॉनिटर त्यांनी स्वतःच्या हाताने परत लावले. कोणाला हात लावू दिला नाही. प्रत्येकाची खोळ उतरवली, काच पुसली, वायरी जोडल्या, टेस्टर लावून पाहिला. मॅडम त्यांच्या मागून एकेक यंत्र अपडेटला लावत गेली. यंत्रं बंद होत, पुन्हा सुरू होत, पडद्यावर आकडे चढत. शेवटचं यंत्र उघडेपर्यंत साडभाऊ हात मागे बांधून उभे राहिले. मग म्हणाले, “मॅडम, काही सांगायचं असन त आताच सांगून टाका. मी ऐकतो.”

ती त्यांच्याकडे सरळ बघत म्हणाली, “काका, उद्यापासून लॅबमध्ये येऊ नका.” एवढंच म्हणाली आणि लगेच एका संगणकाकडे वळून त्याचं काम पाहू लागली. त्याचं काम केव्हाच झालेलं होतं.

“असं सांगाव,” साडभाऊ म्हणाले. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली, बाहेर येऊन चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं.

मी त्यांच्याबरोबर तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, घरी निघालो. गाडी हाताने ढकलत होतो, कारण बसा म्हटलं तर ते बसत नव्हते. पाळीवर पाणी सोडायच्या गेटपाशी थांबून त्यांनी खाली वाकून पाहिलं. “गेट झिरपून राहिलं. कोणाले तरी सांगाले पाहिजे,” म्हणाले. घर दिसायला लागल्यावर बोलले. “वर्षभर बसलो जी मी तिथं. सगळे चहा पाजत होते.”

“वाईट वाटलं?” मी विचारलं.

“वाईट कायचं. लाज वाटून राहिली. पहिल्याच दिवशी सांगतलं असतं त एकाच दिवसाची वाटली असती.”

परीक्षांचं केंद्र कॉलेजला मिळालं. ताईंनी सांगितलं ते असं, की पहिले काही दिवस साडभाऊ वेळ झाली की इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर येत, रस्त्याकडे पाहत आणि परत आत जात. गॅस तपासायचं मात्र त्यांनी पार सोडून दिलं. ताईंना याची भीती वाटली. त्यांनी एक दिवस मुद्दाम शेगडीचं बटण अर्धवट फिरवून ठेवलं, साडभाऊंना वास येईल म्हणून. साडभाऊ आले, बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि काही न बोलता बाहेर गेले. व्याख्यान झालं नाही. ताई त्या दिवशी मला फोनवर म्हणाल्या, “भाऊजी, बोलले असते त बरं झालं असतं.”

अलीकडे ते मला फोन करतात. अकराच्या सुमाराला, आमच्या कार्यालयात दिवस नुकता सुरू होत असतो तेव्हा. “काही नवीन निघालं काय जी?” मी आलेल्या बातम्या चाळतो. जगात कुठे ना कुठे, कोणत्या ना कोणत्या यंत्रात काहीतरी निघालेलंच असतं. मी वाचून दाखवतो. ते शांतपणे ऐकतात आणि म्हणतात, “मॅडमले कळवून द्या. तुम्हीच कळवा. मी कळवणं बरं दिसत नाही.” मी कळवतो. मॅडमला ते आधीच माहीत असतं. तरी ती विचारते, “काकांनी सांगितलं ना?” आणि अपडेट करून घेते, काकांना सांगा, म्हणते. मी ते त्यांना सांगतो. “बरं झालं,” ते म्हणतात आणि पुढे लगेच, “ठेवतो जी. तुम्हाले कामं असतीन.”

पूर्वी त्यांचा फोन संपवायचा तर मला दाराशी कोणीतरी आल्याचं खोटं बोलावं लागे, आणि ते आलेल्या माणसालाही दोन सूचना द्यायला सांगत. आता माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तेच ठेवून देतात. परवा मी घाईने म्हटलं, “थांबा साडभाऊ, ठेवू नका. मला काही काम नाही.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

मग ते हळूच म्हणाले, “खरंच नाही ना जी? असन त सांगून टाका.”